‘फॅमिलीवाली’ वस्ती आणि एकटी बाई



बारावीचा निकाल लागला की सालेकसा स्टेशनावरून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बॅगा आणि गाद्यांच्या वळकट्या दिसू लागतात. कोणी एएनएम-जीएनएमच्या शिक्षणाला निघालेली असते, कोणी पोलीस भरतीच्या क्लासला, कोणी नागपूरच्या एखाद्या दुकानात बिलं करायला. त्यांच्या जोडीला थोड्या मोठ्या वयाच्या बायाही असतात. नवऱ्यानं टाकलेल्या, नवरा वारलेल्या, कुणाच्या भरवशावर न राहता मुलांना शहरात शिकवायचं ठरवलेल्या. सालेकसा हा गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, छत्तीसगडला लागून असलेला तालुका. धानाची रोवणी आणि कापणी, तेंदूपत्ता, मोहफुलं यापलीकडे बाईच्या हाताला बारमाही काम इथं फारसं नाही. तेव्हा जाणं आलंच.

जायचं कुठं हे त्यांचं बहुधा ठरलेलं असतं. राहायचं कुठं, यावर मात्र घरचे, गावचे, मास्तर आणि पुष्कळदा संस्थांचे कार्यकर्तेही एकच उत्तर देतात: “चांगली फॅमिलीवाली वस्ती बघ, म्हणजे काळजी नाही.” कुणाची काळजी मिटते, हे कुणी विचारत नाही. या अंकाच्या निमित्तानं ते विचारायचं आहे.

फॅमिलीवाली वस्ती म्हणजे काय, हे नागपुरात खोली शोधत फिरलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. रिंग रोडच्या आतबाहेरच्या कोणत्याही लेआउटमध्ये शिरा. फाटकावर पाटी असते, ‘खोली किरायानं देणे आहे, फक्त फॅमिलीसाठी’. बेल वाजवली की घरमालकीणबाई येतात, पाणी देतात (नागपूरकर पाणी विचारल्याशिवाय राहत नाहीत, एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे) आणि मग प्रश्न सुरू होतात. मिस्टर काय करतात? ते कधी येणार? भाऊ असेल तर तो किती वेळा येईल? ड्यूटी रात्रीची तर नाही ना? मग आडनाव. आडनावावरून समजलं नाही तर गाव. त्यातूनही समजलं नाही तर, “तुमच्याकडं नॉनव्हेज चालते का?” पाटीवर फॅमिली हा एकच शब्द लिहिलेला असला तरी त्याच्या मागं जात असते, धर्म असतो, स्वयंपाकघर असतं. गोंड किंवा हलबा मुलीला, बौद्ध मुलीला, मुसलमान मुलीला परत पाठवताना “आम्हाला फॅमिलीच पाहिजे” हे वाक्य घरमालकाला फार सोयीचं पडतं. खरं कारण तोंडातून काढावं लागत नाही.

असं असूनही या वस्त्यांना सरसकट नावं ठेवायला मी तयार नाही. दोघींचे अनुभव समोर आहेत. नावं आणि ठिकाणं देत नाही.

पहिली डोंगराकडच्या एका टोल्यावरची, सव्वीस वर्षांची परिचारिका. एका खाजगी दवाखान्यात नोकरी, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. वडिलांनी नात्यातल्या एकाच्या ओळखीनं शांत लेआउटमध्ये खोली करून दिली. घरमालक निवृत्त, भले, कधी आवाज चढवला नाही. पण फाटक दहाला बंद. रात्रपाळीला साडेनवाला निघायचं तर पहिल्या मजल्यावरून बायका बघायच्या, सकाळी परतताना समोरचे आजोबा घड्याळ बघायचे. गावाहून भाऊ आला तेव्हा “हा सख्खाच का?” असं विचारून झालं. तिनं दवाखान्याचं ओळखपत्र ओढणीच्या वर घालायला सुरुवात केली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं की बाई कामालाच चालली आहे. लेआउटपासून ऑटो मिळायच्या चौकापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा, दोन्हीकडं बंद फाटकं, एक दुकान उघडं नाही. म्हणजे ज्या शांततेसाठी वडिलांनी ती वस्ती निवडली, त्याच शांततेत तिला रोज रात्री एकटीनं चालावं लागायचं. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर ती दोन सहकारी मुलींबरोबर मोठ्या दवाखान्याजवळच्या एका औषध दुकानाच्या माडीवर राहायला गेली. खाली रात्रभर वर्दळ, चहाची टपरी, ऑटोवाल्यांची भांडणं, झोपेचं खोबरं. वडील अजून नाराज आहेत. ती म्हणते, “इथं कोणी माझ्या चपला मोजत नाही.”

दुसरी पस्तिशीची, दोन मुलांची आई. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, ही शिलाईचं काम शिकून नागपूरला आली. तिलाही दोन ठिकाणं मिळत होती. एक बाजारपेठेत, कारखान्याजवळ. दुसरं लेआउटमध्ये, थोडं लांब. तिनं लेआउट घेतलं आणि ते तिच्यासाठी योग्यच ठरलं. गल्लीत पोरं होती, अंगणवाडी होती, शाळा चालत जाण्याइतकी जवळ होती. शेजारच्या आजी दुपारी दोन ते सहा मुलांवर लक्ष ठेवत, त्याबद्दल एक पैसा न घेता. हिनं त्यांचे ब्लाउज शिवून दिले, हिशेब मिटला. वर्षभरानं नवरा दारू पिऊन दारात उभा राहिला तेव्हा गल्लीतल्या सहा-सात बायका बाहेर आल्या. तो निघून गेला. बाजारपेठेतल्या माडीवर हे झालं असतं असं वाटत नाही.

पण खोली मिळवताना ती म्हणाली होती, “मिस्टर हैदराबादला बांधकामावर आहेत.” गळ्यात मंगळसूत्र होतं. घरमालकानं पैशांचं डिपॉझिट घेतलं ते वेगळं. मंगळसूत्र हे दुसरं डिपॉझिट. त्यानंतर वर्षभर सणावाराला “मिस्टर आले नाहीत का?” या प्रश्नाला उत्तर शोधण्यात तिची शक्ती गेली. नवरा दारात आला त्या संध्याकाळी खोटं आपोआप उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी तिनं आजींना सगळं सांगितलं. आजी म्हणाल्या, “मले माहीत होतं ना माय.” तेवढंच. खोली सुटली नाही.

चळवळीत आपण सौभाग्यचिन्हांवर पुष्कळ बोललो, बोललंच पाहिजे. पण डोक्यावर छप्पर शोधणाऱ्या बाईनं मंगळसूत्र घालावं की नाही यावर शिबिरात भाषण करणाऱ्या कुणी तिचा किराया भरत नसतात. ते तिनं ठरवावं. आपण एवढंच पाहावं की त्या गल्लीत निदान एका माणसाला तिची खरी हकीकत ठाऊक असेल. वेळ आली तर धावून येणाऱ्याला कुणासाठी आणि कशापासून धावायचं हे आधी माहीत असावं लागतं.

आता सुरक्षिततेबद्दल. घरं भरलेली असली, बायका-पोरं दिसत असली की वस्ती सुरक्षित, असा आपला समज आहे. अमेरिकेतल्या जेन जेकब्स यांनी १९६१ साली शहरांवर लिहिलेल्या पुस्तकात ‘रस्त्यावरचे डोळे’ ही कल्पना मांडली आणि तेव्हापासून ती सगळे सांगतात. मात्र त्यांच्या मांडणीतली अर्धी गोष्ट सांगायची राहते. हे डोळे दुकानांचे, टपऱ्यांचे, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांसाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे असतात. नुसत्या घरांचा, दुपारी निजणारा आणि रात्री नऊला फाटकं लावणारा लेआउट त्यांना अभिप्रेत नव्हता. मुंबईच्या रस्त्यांवर संशोधन करून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाईला शहरात वावरू दिलं जातं ते ती ‘चांगल्या घरची’ आहे आणि कामाला निघाली आहे हे तिनं सतत दाखवत राहिल्यावर, हे त्यांनी दाखवून दिलं. ओढणीवरचं ते ओळखपत्र आठवा.

आणि दाराच्या आत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या शंभरातल्या २५ बायकांनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. म्हणजे सरासरीनं चार घरांमागे एक. बलात्काराच्या नोंदलेल्या दहा गुन्ह्यांपैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. नागपूरच्या कस्तुरबानगरची वस्ती कुटुंबांचीच होती. तिथल्या बाया एका गुंडाची दहशत दहा वर्षांहून जास्त काळ सोसत होत्या, तक्रारी करत होत्या. १३ ऑगस्ट २००४ रोजी न्यायालयाच्या आवारात जे घडलं ते आपल्या सर्वांना माहीत आहे. त्या मार्गाबद्दल आपल्यात मतभेद होते, अजून आहेत. पण घरांमध्ये कुटुंबं राहतात एवढ्यानं तिथल्या बाया वाचल्या नव्हत्या, याबद्दल तरी दुमत नसावं.

गावाची आठवण काढून हळहळण्यातही अर्थ नाही. टोल्याइतकी फॅमिलीवाली वस्ती शहरात सापडणार नाही. तिथं प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो. तरी जमिनीचा वाद निघाला की एकट्या विधवेवर करणीचा आळ घ्यायला वेळ लागत नाही. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगीच नाही.

मग वस्ती निवडायची कशी? आमच्याकडे येणाऱ्या बायांशी बोलताना आधी वस्तीबद्दल बोलू नये, बाईच्या दिवसाबद्दल बोलावं, असं माझं मत आहे. तू किती वाजता निघतेस, किती वाजता परततेस? मुलं आहेत का, दुपारी ती कुणाजवळ? आजारी पडलीस तर कुणाला फोन करशील? ज्याच्यापासून तू दूर आलीस तो शोधत येण्याचा संभव आहे का? दिवसपाळी आणि लहान मुलं असतील तर कुटुंबांची वस्ती पुष्कळदा बरी. रात्रपाळी, एकटीचा संसार, सतत बदलणाऱ्या वेळा असतील तर जागत्या रस्त्यावरची गोंगाटाची खोली बरी, तीही दोघी-तिघींनी मिळून घेतलेली. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला हा गोंगाट मानवणार नाही, तिचं गणित पुन्हा वेगळं.

खोली पसंत करण्याआधी ती तीनदा पाहावी. एकदा सकाळी नळाच्या वेळेला, एकदा दुपारी तीन-चारला, एकदा रात्री साडेनऊला. दिवे लागतात का, पानठेल्यावर कोण बसतं, मुली संध्याकाळी सायकल चालवतात का, बाया ओट्यावर बसतात की खिडकीतूनच बोलतात, शेवटची बस किंवा ऑटो किती दूर, हे डोळ्यांनी दिसतं. घरमालकाला विचारण्यापेक्षा आधीच्या भाडेकरूला विचारावं. आणि त्या गल्लीत धुणंभांडी करणाऱ्या बाईला तर जरूर विचारावं. कोणत्या घरातला म्हातारा जिन्यात उभा राहतो, कोणती मालकीण वेळेला पोटाशी धरते, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तालुक्याहून आलेल्या मुलीला हे एकटीनं करायला सांगणं बरोबर नाही. शहरातल्या गटांतल्या कुणीतरी तिच्याबरोबर जायला हवं. चिठ्ठी देऊन पाठवू नये.

कायद्याचा आधार मर्यादित आहे, तो किती ते माहीत असलेलं बरं. घरमालकानं एकटी बाई म्हणून खोली नाकारली तर तिला थेट दाद मागता येईल असा कायदा आपल्याकडे नाही. उलट सहकारी गृहनिर्माण संस्थेनं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवावं हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली पारशी संस्थेच्या खटल्यात मान्य केलं. पण खोली मिळाल्यावर हाती काही गोष्टी आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार लेखी, नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. “आपली माणसं आहोत, कागद कशाला?” असं म्हणणाऱ्याला हे नम्रपणे सांगावं. कराराची प्रत आपल्याकडे ठेवावी, डिपॉझिटची पावती घ्यावी. फ्लॅट असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे तो भाड्यानं द्यायला सभासदानं संस्थेला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. तेव्हा ‘सोसायटी नाही म्हणते’ हे प्रत्येक वेळी खरं असेलच असं नाही.

ज्या बाईला घर सोडावं लागतं आहे तिच्यासोबत आधी याचा विचार करावा, की तिनं निघावं का. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. न्यायदंडाधिकारी नवऱ्याला तिच्यासाठी तशाच दर्जाचं दुसरं घर पाहायला किंवा किराया भरायला सांगू शकतात. सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घर म्हणून तिला बाहेर ठेवण्याची वाट २००६ च्या बत्रा निकालानं मोकळी केली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती चूक दुरुस्त केली. हा निकाल तालुक्याच्या ठाण्यापर्यंत अजून पुरता पोचलेला नाही. आपणच पोचवायचा.

शिक्षणाला जाणाऱ्या आदिवासी मुलींची अडचण आणखी वेगळी. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘स्वयं’ योजनेत राहण्या-जेवणाची रक्कम खात्यात जमा होते, देवरीच्या प्रकल्प कार्यालयामार्फत आपल्या जिल्ह्यातल्या मुली ती घेतात. पण रक्कम म्हणजे खोली नव्हे. पैसे हातात घेऊन फिरणाऱ्या मुलीला फाटकावरून परत पाठवलं जातं तेव्हा शासनाच्या हिशेबात तिची सोय झालेली असते. वसतिगृहांच्या वाढीव जागांची मागणी म्हणूनच सोडता येणार नाही.

“मग बायांसाठी वेगळी वसतिगृहंच काढा ना,” असं कुणी म्हणतं. नोकरी करणाऱ्या महिलांसाठी केंद्राची वसतिगृह योजना १९७२-७३ पासून आहे, आता तिचं नाव ‘सखी निवास’. तिथं लहान मुलांनाही आईबरोबर ठेवता येतं. अशी वसतिगृहं हवीतच, पुष्कळ हवीत. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनापासून (१८८९) कर्व्यांच्या हिंगण्यापर्यंत अशा आश्रयांनी किती जणींना उभं केलं ते आपण जाणतो. पण हिंगणं गावाबाहेर होतं, कारण गावाला विधवा नको होत्या. सव्वाशे वर्षांनंतरही एकट्या बाईची जागा कुंपणाआडच ठरवायची का? २०१५ साली दिल्लीच्या मुलींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत वसतिगृहांच्या फाटकांच्या वेळांना आव्हान दिलं, तेव्हा त्यांचा प्रश्न हाच होता. व्हिएन्ना शहरात स्त्री वास्तुरचनाकारांनी आखलेली एक वसाहत १९९७ मध्ये पूर्ण झाली. उजेडाचे जिने, बाळगाड्या ठेवायची जागा, वसाहतीतच बालवाडी. ती केवळ बायांची वसाहत नव्हे. बायांचा दिवस समोर ठेवून आखलेली सगळ्यांची वसाहत.

‘फॅमिली’ हा शब्द घरमालकाच्या व्याख्येवर सोडून देण्याचं आपल्याला काही कारण नाही. जनगणनेत कुटुंब मोजतात ते चुलीवरून. एका स्वयंपाकघरात शिजलेलं खाऊन एकत्र राहणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. त्यांच्यात नातं असण्याची अट नाही, आणि एकटी राहणारी बाईसुद्धा एक कुटुंब म्हणून मोजली जाते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं शिधापत्रिकेवर घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख मानलं आहे. औषध दुकानाच्या माडीवरच्या तीन परिचारिका हे कुटुंब आहे. शिलाई करणारी आई आणि तिची दोन मुलं हेही पूर्ण कुटुंब आहे, त्यातून कुणी वजा झालेलं नाही. २०११ च्या जनगणनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि अविवाहित अशा एकट्या बायांची संख्या सात कोटींच्या वर होती. मिस्टरांची चौकशी करणाऱ्या मालकिणीला, “आम्ही फॅमिलीच आहोत काकू, कुटुंबप्रमुख मी” असं सांगून शिधापत्रिका दाखवायला काय हरकत आहे? प्रत्येक दार उघडणार नाही. काही उघडतील.

हे सारं एकेका बाईच्या धिटाईवर सोडायचं नसेल तर गटांनी एक काम हाती घ्यावं. गोंदिया आणि नागपूरमधल्या प्रत्येक गटानं खोल्यांची एक वही घालावी. खोली कुठं, किराया किती, डिपॉझिट किती, फाटकाची वेळ, करार लेखी दिला का, पाहुण्यांबद्दल काय अट, रात्री रस्त्यावर उजेड आहे का, जवळची कोण मैत्रीण हाकेला येईल. राहून गेलेल्या बाईचं नाव लिहू नये. ज्या मैत्रिणींच्या स्वतःच्या घरात एखादी खोली रिकामी आहे त्यांनीही ती या वहीत लिहावी. आपल्यापैकी बऱ्याच जणी आज घरमालकिणी आहेत. वहीची प्रत पुढच्या अंकाआधी आमच्याकडे पाठवावी, म्हणजे सालेकसा, आमगाव, देवरीच्या बायांना निघण्याआधी ती पाहता येईल. ‘पुन्हा इथं राहाल का?’ असा एक रकाना शेवटी ठेवावा, आणि तो तिथं राहून गेलेल्या बाईलाच भरू द्यावा.